माहेरचे नाव

बारशाचे आमंत्रण मी सहसा टाळत नाही. घुगऱ्या हे एक कारण. पण खरी ओढ नावाची. पाळण्यातल्या इवल्याशा जिवाच्या कानात आत्या 'कुर्रर्र' करते, आणि त्या क्षणापासून त्याला जगात एक पत्ता मिळतो. नाव ठेवणे आणि नावे ठेवणे, या दोन्ही कलांत आपण मराठी माणसे पहिल्यापासून तरबेज!

अलीकडे मला एका निराळ्याच बारशाचा नाद लागला आहे. माझा भाचा संगणकातला. नोकरी सांभाळून उरलेल्या वेळात तो 'डेबियन'साठी गाठोडी बांधतो. डेबियन हे लिनक्सचे एक घराणे. इयन मर्डॉक या तरुणाने ते १९९३ साली सुरू केले, आणि त्या वेळची मैत्रीण, पुढे पत्नी झालेली डेब्रा, हिच्या नावाला आपले नाव जोडून घराण्याचे नाव केले. तिचे आधी, स्वतःचे मागून! एवढे ऐकूनच मला त्या घराविषयी आपुलकी वाटू लागली. जगभरातले लोक नाना कामांचे प्रोग्राम लिहितात. ते या घरात नीट नांदावेत म्हणून भाच्यासारखे स्वयंसेवक त्यांची गाठोडी बांधतात. त्या गाठोड्याला म्हणायचे पॅकेज.

प्रोग्राम लिहिणारा आपल्या अपत्याचे नाव ठेवतोच. ते त्याचे माहेरचे नाव. डेबियनच्या घरात ते तसेच राहील असे मात्र नाही. सासरचे नियम असतात. रोमन अक्षरे, तीही लहान लिपीतली. मोठेपणा मिरवणारी कॅपिटल अक्षरे चालायची नाहीत. जोडीला अंक, अधिक-उणेची चिन्हे आणि टिंब, बस्स. इतर प्रोग्रामांना साहित्य पुरवणारे पॅकेज असेल, तर नावाआधी 'लिब', म्हणजे लायब्ररी, आणि बहुधा मागे एक आकडा. साहित्याची घडण इतकी बदलली की जुन्यावर बेतलेले प्रोग्राम नव्यावर चालेनात, तर तो आकडा बदलतो; मग जुने आणि नवे जावा-जावांसारखे एका घरात राहू शकतात. सी भाषेचे मूळ साहित्य डेबियनमध्ये 'लिबसी६', तर शेजारच्या फेडोराकडे 'ग्लिबसी'. अपाची नावाचा वेबसर्व्हर इथे 'अपाची२', तिथे 'एचटीटीपीडी'. मुलगी तीच, सासर निराळे, म्हणून हाक निराळी.

आपल्या मराठीच्या वाट्याला या जगात दोनच अक्षरे आली आहेत : 'एमआर'. लिब्रेऑफिसला मराठी बोलायला लावणारे डेबियनमधले पॅकेज म्हणजे 'लिब्रेऑफिस-एल१०एन-एमआर'. 'लोकलायझेशन' या इंग्रजी शब्दाचे पहिले आणि शेवटचे अक्षर ठेवून मधली दहा गिळली, की झाले 'एल१०एन'. आणि 'एमआर' म्हणजे इंग्रजी डोळ्यांना मिस्टर! आपली मायबोली तिथे श्रीयुत होऊन वावरते, याची मला मोठी मौज वाटते.

खरा पेच पडतो तो एकाच नावाचे दोघे दारात आले म्हणजे. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली 'गिट' हा प्रोग्राम लिहिला. पण डेबियनमध्ये त्या नावाचा एक जुना रहिवासी होता. फायली हाताळणारा, फारसा कुणाच्या ओळखीचा नसलेला. जनक असोत की आणखी कुणी, नियम तो नियम! नव्या पाहुण्याला 'गिट-कोअर' या नावावर राहावे लागले. पुढे त्याची कीर्ती जगभर पसरली, जुन्याने 'ग्नुइट' हे नाव घेतले, आणि २०११ साली आलेल्या डेबियनच्या सहाव्या आवृत्तीत धाकटा नुसता 'गिट' झालेला दिसला. भाचा म्हणतो, "मामा, हाका मारणारे लाखो लोक ज्याला त्या नावाने ओळखतात, त्याचे ते नाव." म्हणणे रास्त आहे. तरी मुकाट्याने पाट सोडणाऱ्या त्या म्हाताऱ्याविषयी मला हळहळ वाटते.

फायरफॉक्सची कथा याच्या उलट. तिथे माहेरच रुसले. नाव आमचे हवे, तर बोधचिन्हही आमचेच लावा आणि कराल तो प्रत्येक बदल आम्हाला दाखवा, असे मोझिलाने सांगितले. डेबियनला ते मानवेना. २००६ साली 'आइसवीझल' असे नवे नाव पडले. अग्नीच्या जागी बर्फ, कोल्ह्याच्या जागी मुंगसासारखा दिसणारा प्राणी. रागातसुद्धा विनोद सुटला नव्हता. दहा वर्षांनी, २०१६ साली, समेट झाला आणि लेकीला माहेरचे नाव परत मिळाले.

पण या साऱ्यात माझ्या मनात घर करून राहिली ती एक साधीशी रीत. पॅकेजाचे नाव बदलले, की जुन्या नावाचे एक रिकामे गाठोडे निदान एका आवृत्तीपुरते ठेवतात. आत काही नसते. असतो तो फक्त नव्या नावाचा निर्देश. 'गिट-कोअर' अशी जुनी हाक मारणारा त्यामुळे बरोबर 'गिट'पाशी पोहोचतो.

हे ऐकले तेव्हा मला आईची आठवण झाली. माहेरी तिचे नाव फुलाचे होते. सासरी ताटातल्या तांदळांत अंगठीने देवीचे नाव लिहिले गेले. लग्नानंतर वर्षभराने शाळेतल्या मैत्रिणीने तिला पत्र धाडले, जुन्या नावाने. पोस्टमनने ओटीवर नाव वाचले, आणि "या नावाचे इथे कुणी नाही," असे सांगून कुणीतरी पत्र परत पाठवले. तेव्हा आई परसात धुणे वाळत घालीत होती. पत्र परत आल्याचे मैत्रिणीने मामाला सांगितले आणि मामाने दिवाळीत तिला. त्यात दुष्टपणा कुणाचाच नव्हता. ते नाव त्या घरात खरोखरच कुणाला ठाऊक नव्हते. आई ही गोष्ट हसत सांगे. पण साठ वर्षांनंतरही सांगत असे.

एका घरात पुष्कळांना नांदायचे, तर नावे थोडीफार बदलणार, हे मला मान्य आहे. मात्र जुन्या नावाने कुणी हाक मारली, तर तिला ओ देणारे कुणीतरी उंबऱ्याशी असावे.