खिशातले बिऱ्हाड

आमच्या नवापूरच्या रेल्वे स्टेशनावर एक बाक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. पाहुण्यांना त्याचे नवल वाटते. आम्ही मात्र त्यावर बसून शेंगा खातो आणि सुरतेच्या गाडीची वाट पाहतो. एका जागी दोन कारभार सुखाने नांदतात, हे सीमेवरच्या माणसाला शिकवावे लागत नाही. एका संगणकातही ते नांदतात, हे मात्र आमच्या घरच्यांना पटवावे लागले.

माझी थोरली बहीण बडोद्याला पाणीगेटजवळ राहते. जुन्या शहराच्या चार वेशींपैकी ही पूर्वेकडची. भाच्याचे किराणा दुकान तिथेच. घरात स्वस्तातला एकच लॅपटॉप, आत जागा अवघी ३२ जीबी. बरीचशी विंडोजनेच व्यापलेली, उरलेल्यात दुकानाचा गुजराती हिशेब. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला निदान ६४ जीबी जागा हवी. दुरुस्तीवाल्याने सरळ सांगितले, "भंगारात घाला."

भाचा कळवळून म्हणाला, "मामा, यात नऊ वर्षांचा हिशेब आहे. चोपडापूजनाला याच्याच झाकणाला मी कुंकू लावतो. एक अक्षर पुसलेले चालायचे नाही." इकडे अकरावीतल्या त्याच्या मुलीला रात्री अभ्यासाला यंत्र हवे. नवा लॅपटॉप घेण्याजोगे ते वर्ष नव्हते.

माझ्या खिशात एक पेनड्राइव्ह असतो. त्यात 'मिंट' नावाचे लिनक्स आहे. हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली ज्याचा गाभा लिहिला आणि पुढे जगभरच्या माणसांनी जे वाढवले, तेच हे लिनक्स. त्याची प्रत कोणीही कोणालाही द्यावी. पेनड्राइव्ह लावायचा, यंत्र सुरू होताना एफ-१२ दाबायचे (काही यंत्रांवर एफ-९ किंवा एस्केप) आणि यादीतून तो निवडायचा. मग सारा कारभार पेनड्राइव्हवरून चालतो. हा पाहुणा आपली चूल आपल्याबरोबर आणतो. यजमानाच्या फडताळाला हात लावत नाही. 'इन्स्टॉल' या चित्रावर मात्र टिचकी मारायची नाही, एवढे पोरीला बजावले. पेनड्राइव्ह तयार करतानाच त्यात थोडी जागा राखून ठेवली, की लिहिलेले दुसऱ्या दिवशीही सापडते.

उणेही सांगतो. हा कारभार संथ असतो, आणि सतत लिहून-पुसून पेनड्राइव्ह झिजतो. म्हणून कामाची दुसरी प्रत हवीच. यंत्र बंद झाल्याशिवाय तो उपसायचा नाही. विंडोज आता फक्त हिशेबापुरते, इंटरनेटविना. बाकी सारे पेनड्राइव्हवर, अशी वाटणी करून दिली. भाच्याने तीनदा बंद-चालू करून हिशेब तपासला, तेव्हा कुठे त्याने चहा घेतला.

बडोद्याला हे परके वाटू नये. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. १९१० साली अमेरिकेतून बोर्डन या ग्रंथपालांना बोलावून ग्रंथालयांची घडी बसवली. त्यांत फिरती ग्रंथालये होती. लाकडी पेट्यांत पुस्तके भरून ती गावोगाव जात. वाचणाऱ्याने आधी वाडा बांधावा, मग पुस्तक मागावे, अशी अट नव्हती. पेटी येई, वाचून होई, पुढे जाई. खिशातली ही पेटी त्याच जातीची. गरिबाच्या मुलाला आधी यंत्र बदलायला सांगणे, म्हणजे शाळेच्या दाराशी नवे बूट मागणे.

पोरीने मात्र मला न सुचलेले काम काढले. तिचे शिक्षण गुजरातीत. मराठी फक्त आजीपुरते. आमच्या आईच्या जात्यावरच्या ओव्या आता एका ताईलाच आठवतात, आणि ताईची दृष्टी अधू झाली आहे. नातीने कळफलकाला 'इनस्क्रिप्ट' लावले. १९९१ च्या भारतीय मानकातली ही मांडणी सर्व भारतीय लिप्यांना सारखी असते. गुजराती 'क' ज्या कळीवर, त्याच कळीवर मराठी 'क'. वडिलांचा हिशेब लिहून वळलेली बोटे आजीच्या ओव्या लिहू लागली. ताई म्हणे, "थांब गं, ही ओळ माहेरची की सासरची, आठवू दे." पोर थांबे. अडलेला मराठी शब्द ती गुजरातीत विचारी, आणि ताई त्याचा अर्थ गुजरातीतच सांगे.

मी निघालो तेव्हा बेचाळीस ओव्या झाल्या होत्या. एक प्रत पेनड्राइव्हवर, दुसरी माझ्याकडे नवापूरला. तिसरी कागदावर छापून तिने आजीच्या उशाशी ठेवली आहे, अक्षर मोठे करून.