परत करणे आहे

सिनेमा तयार झाला म्हणजे तो आज ना उद्या थिएटरात लागणारच, अशी आपली भाबडी समजूत असते. कमल स्वरूप यांच्या ‘ओम दर-ब-दर’ला ते भाग्य २५ वर्षांहून अधिक काळ लाभले नाही. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या पैशातून तो तयार झाला, १९८८ साली बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला आणि मग डब्यात पडून राहिला. आपल्याकडे तो रीतसर प्रदर्शित झाला १७ जानेवारी २०१४ रोजी. मधल्या काळात तो जगला कसा? तर व्हिडिओ कॅसेटींवर. एकाने दुसऱ्याला द्यायची, दुसऱ्याने रातोरात तिची प्रत काढून घ्यायची.

तशी एक प्रत माझ्या मामांकडे होती. मामा बँकेत नोकरीला, घरात अबोल, पण सिनेमाचे वेडे. ते गेल्यावर त्यांच्या पेटीत ती सापडली. वेष्टनावर त्यांच्या बारीक अक्षरात लिहिले होते, ‘ओम. परत करणे आहे.’ कुणाला, ते लिहिलेले नव्हते.

आता व्हीसीआर आणायचा कोठून? जपानच्या फुनाई कंपनीनेही २०१६ साली ते बनवणे थांबवले. शेवटी आमच्या पेठेतील एका रेडिओ दुरुस्तीवाल्याने माळ्यावरचा एक काढून दिला. त्याने फितीवरची पांढरी बुरशी हलक्या हाताने पुसली, हेड स्पिरिटने साफ केले आणि म्हणाला, “एकदाच चालेल असे समजून बघा.”

गोष्ट अजमेर-पुष्करकडची. ज्योतिष पाहणारे बाबूजी, मुलगी गायत्री आणि पाण्याखाली श्वास रोखून राहणारा ओम. सरळ काही सांगायचेच नाही, असा दिग्दर्शकाचा पण. त्यात फितीची भर! प्रतीची प्रत काढली की दरवेळी चित्र थोडे विरते, रंग कडेबाहेर सांडतात. माणसांना चेहरे उरले नव्हते. कोणता वेडेपणा दिग्दर्शकाचा आणि कोणता फितीचा, हे कळेना. एका गाण्याच्या जागी तर नुसत्या पांढऱ्या रेघा. मी चडफडलो. मग लक्षात आले, फीत झिजते ती वापराने. कुणीतरी, कदाचित मामांनीच, ते गाणे पुन्हा पुन्हा मागे फिरवून पाहिले असणार. त्यांना काय आवडे, हे मला त्या झिजलेल्या जागेने प्रथम सांगितले.

चित्रपट संपला तरी कॅसेट संपली नव्हती. पुढे आधीचे चित्रण उरले होते : एका लग्नाची पंगत. नऊवारीतल्या बायका वाढताहेत, एक मुलगा कॅमेऱ्याकडे बघून हसतो आहे. कुणीतरी चक्क लग्नाच्या कॅसेटवर हा चित्रपट उतरवून घेतला होता! त्या घरात केवढे रामायण झाले असेल!

पुढे मी दुरुस्त केलेली स्वच्छ प्रतही पाहिली. तीत बेडूक न् बेडूक स्पष्ट दिसतो. चित्रपट म्हणून तीच खरी, यात वाद नाही. पण तो या दिवसापर्यंत तगला, तो कुणी पंगत पुसली, कुणी रात्र जागवली म्हणून; ते त्या स्वच्छ प्रतीत कोठेच दिसत नाही.

कॅसेटचा धनी आता सापडायचा नाही. तेव्हा परत करणे म्हणजे पुढे देणे, एवढाच अर्थ मी घेतो. वर्गातल्या दोघांनी ती मागितली आहे. त्यांना दुरुस्तीवाल्याचे दुकान दाखवून ठेवले आहे.