आजोबा ‘वेस्टेड’ झाले

सातवीच्या सहामाहीत ‘माय ग्रँडफादर’ या निबंधात मी लिहिलं होतं की माझे आजोबा 1999 साली वेस्टेड झाले. सरांनी त्या शब्दाखाली दोन लाल रेघा ओढल्या आणि भर वर्गात विचारलं, “आजोबा वाया गेले व्हय रं?” वर्ग खदखदला. मला चूकच कळेना. ‘व्हाइस सिटी’ या गेममध्ये आपला टॉमी मेला की पडद्यावर हाच शब्द येतो. पोलिसांनी धरलं तर ‘बस्टेड’, मेला तर ‘वेस्टेड’. शंभरदा तरी मेलो होतो मी.

हे 2004 सालचं कोल्हापूर. आमच्या मराठी शाळेत मला इंग्रजी भेटलं ते पाचवीत. दोन इयत्ता मागे असलेल्या बहिणीला 2000 साली पहिलीपासूनच. ती तेव्हाच माझ्यापुढे गेली. माझी शिकवणी गल्लीच्या तोंडाशी, नेट कॅफेत, तासाला पंधरा रुपये. (व्हाइस सिटी मुलांसाठी नव्हतीच, पण ते विचारणार कोण?)

खरी भर पडली ‘एज ऑफ एम्पायर्स 2’मुळे. तिथं शब्द न कळून भागत नाही. घरं कमी पडली की नवी माणसं जन्मत नाहीत, लाकूड संपलं की घरं होत नाहीत. ‘सीज’ हा शब्द शब्दकोशात न बघता कळला. शत्रूच्या किल्ल्यासमोर दगडफेकी यंत्रं मांडून बसलो होतो आणि एकदम डोक्यात आलं, अरे, हा तर वेढा! 1660 साली सिद्दी जौहरनं पन्हाळ्याला घातला तसा. फरक एवढाच की इथं जौहर मी होतो. जरा वाईटच वाटलं.

कॅफेचा मालक स्पीकर बंद ठेवायचा. त्यामुळे इंग्रजी डोळ्यांत गेलं, कानात नाही. ‘नाइट’ला आम्ही बिनदिक्कत ‘क्नाइट’ म्हणायचो आणि ‘सीज’ला ‘सिएज’. शिवाय खेळात सगळी हुकमाची भाषा: बांध, तोड, हल्ला कर. पुण्यात पहिल्या मुलाखतीला “टेल मी अबाउट युवरसेल्फ” ऐकल्यावर माझी फौज जागच्या जागी थिजली. स्वतःबद्दल बोलायची वेळ टॉमीवर कधी आली नव्हती. कान उघडले ते पुढं, हॉस्टेलवर पेनड्राइव्हमधून फिरणाऱ्या ‘फ्रेंड्स’च्या भागांनी. खालची इंग्रजी ओळ वाचायची, भाग मागे न्यायचा, परत ऐकायचं.

नोकरीच्या पहिल्या वर्षी एका सोमवारी शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, “सॅटर्डेला मी टोटली वेस्टेड होतो यार.” मी घाबरून विचारलं, “ॲक्सिडेंट?” तो हसतच सुटला. प्यायलेला, तर्र झालेला, असाही त्याचा अर्थ होतो म्हणे.

आजोबा माळकरी होते, पंढरीची वारी चुकवायचे नाहीत. तो निबंध आईनं अजून ट्रंकेत जपून ठेवलाय, लाल रेघांसकट.