गाडीचा आंकडा

पारशिवनीच्या आमच्या घरीं गेल्या महिन्यांत धाकट्या पुतण्यानें मोटारसायकल घेतली. ‘एमएच ४०’ ही नागपूर ग्रामीणची खूण आमच्याकडे सर्वांनाच मिळते. पण पुढचा ४१४१ हा आंकडा मिळावा म्हणून त्यानें परिवहन कार्यालयांत जादा शुल्क भरलें. इंग्रजी लिपींतला चार ‘द’सारखा व एक कान्यासारखा दिसतो, तेव्हां ते अंक ‘दादा’ असे वाचण्याची हौस महाराष्ट्रांत सर्वत्र आहे.

गांवांत दादा म्हणवून घेण्याची ही धडपड पाहून मीं त्याला सुनावलें, "अरे, मान का विकत मिळतो?"

तो खालमानेनें म्हणाला, "काका, माझ्या बाबांना तुम्ही सारे दादाच म्हणत होतां ना?"

थोरल्या बंधूंना जाऊन दोन वर्षें झालीं. मी निरुत्तर झालों.

१ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना ठरावीक छापाचीच नंबरप्लेट लागते. अंकांना वळण देऊन अक्षरें काढण्यास तींत वाव नाहीं. त्यामुळें रस्त्यावरच्या माणसाला तेथें निव्वळ आंकडा दिसतो. दादा दिसतात ते आम्हां घरच्यांनाच, आणि तेंच योग्य आहे.