‘नवरंग’, एका रविवारी

ज्या घरात वृद्ध माणसाची शुश्रूषा चालू असते, त्या घरातला रविवार इतर वारांहून वेगळा उरत नाही. औषधांना सुटी नसते, पथ्याला नसते आणि शुश्रूषा करणाऱ्यालाही नसते. म्हणूनच गेल्या महिन्यातील एक रविवार आम्ही दोघांनी ठरवून आळसात घालवला, याचे मला फार अप्रूप वाटते. जेवायला मुगाची खिचडी आणि कढी, आणि दुपारी व्ही. शांताराम यांचा ‘नवरंग’. एवढाच दिवसाचा कार्यक्रम होता.

चित्रपटाची निवड यजमानांची. त्यांचे वय 78. दुसऱ्या डोळ्यातील मोतीबिंदू काढून दीड महिना झालेला, डोळ्यांत थेंब घालण्याचे वेळापत्रक नुकतेच संपलेले. मधुमेहामुळे शस्त्रक्रिया लांबत गेली होती आणि त्या दोन वर्षांत त्यांचे जग पिवळट, धुरकट होत गेले. भाजीतली मिरची वेगळी काढता येईना, जिन्याची शेवटची पायरी दिसेना.

वयानुसार डोळ्यातील नैसर्गिक भिंग पिवळसर होत जाते आणि निळा प्रकाश अडवू लागते. हा बदल इतका सावकाश होतो, की ज्याचा डोळा त्यालाच तो कळत नाही. ते भिंग काढून स्वच्छ कृत्रिम भिंग बसवले, की निळा रंग एकदम परत येतो. पहिल्या डोळ्याची पट्टी निघाल्यावर यजमान कितीतरी दिवस आळीपाळीने एकेक डोळा झाकून समोरच्या भिंतीकडे पाहत बसत. एका डोळ्याला ती पांढरीशुभ्र दिसे, दुसऱ्याला जुन्या वर्तमानपत्रासारखी.

‘नवरंग’ हा 1959 सालचा चित्रपट, आणि त्याचे मूळच डोळ्यांच्या दुखापतीत आहे. ‘दो आँखें बारह हाथ’च्या चित्रीकरणात बैलाशी झुंजताना शांताराम यांच्या डोळ्यांना जबर इजा झाली आणि काही काळ त्यांना अंधारात राहावे लागले. त्या अंधारात त्यांना रंग दिसू लागले. बरे झाल्यावर त्यांनी रंगांचाच हा उत्सव पडद्यावर मांडला. चित्रपटाच्या आरंभी ते स्वतः येऊन ही हकिकत सांगतात. ती ऐकताना यजमान काही बोलले नाहीत; हात मात्र नकळत डोळ्याकडे गेला. डोळा चोळतील म्हणून मी सवयीने तो धरला.

खुर्ची पडद्यापासून दूर ठेवली होती, खिडकीचा पडदा अर्धा ओढला होता. टक लावून पाहताना पापण्या कमी मिटतात आणि डोळे कोरडे पडतात, म्हणून दर अर्ध्या तासाने थांबायचे ठरले होते. थांबले, की हे लहान मुलासारखे कुरकुरत.

होळीच्या नृत्यापाशी मात्र थांबणे शक्यच नव्हते. संध्या एकटीच स्त्री आणि पुरुष दोन्ही होते. मागच्या बाजूस मुखवटा. तिने गिरकी घेतली, की गोपी नाहीशी आणि तिची छेड काढणारा गडी हजर. जोडीला ठेका धरणारा हत्ती! आज कोणी याला भडक म्हणेल. भडक आहेच, आणि त्या दुपारी आम्हाला तसेच हवे होते. यजमान एकेका रंगाचे नाव पुटपुटत होते.

कथा साधी आहे. कवी दिवाकरला संसाराच्या ओझ्याखाली दबलेली पत्नी जमुना रुक्ष वाटते, म्हणून तो कल्पनेत मोहिनी घडवतो. तिचा चेहरा मात्र जमुनेचाच. तरुणपणी हा चित्रपट पाहिला तेव्हा माझ्या लक्षात केवळ नृत्ये राहिली होती. या खेपेस मी जमुनेकडेच पाहत होते.

निम्म्यावर चहासाठी थांबलो. कप हाती देताना हे माझ्याकडे जरा अधिक वेळ पाहत राहिले.

“अगं, तुझ्या डोळ्यांखाली ही काळी वर्तुळे कधीपासून?”

“झाली असतील दोन वर्षे.”

“मला कशी दिसली नाहीत?”

“अहो, तुम्हाला माझी निळी साडीसुद्धा करडी दिसत होती.”

मी हसले, ते हसले नाहीत. चहा संपवून त्यांनी विचारले, “रात्री मी न्हाणीघराकडे निघालो की तू अजून का उठतेस? आता मला दिसते.”

“सवय झाली आहे.”

“मग मोड ती. आज उठू नकोस.”

वाटेतल्या पायपुसण्या मी शस्त्रक्रियेपूर्वीच काढून टाकल्या होत्या, रात्रीचा छोटा दिवाही होता. तरीही त्या रात्री दोनच्या सुमारास मला जाग आलीच. चपलांचा आवाज, दिव्याचे बटण, पाण्याचा आवाज, पुन्हा चपला. मी डोळे मिटून पडून राहिले. जाग आली ती थेट सकाळी साडेसहाला. चहाचे आधण त्यांनीच ठेवले होते.

‘नवरंग’चा उरलेला भाग आम्ही मंगळवारी पाहिला.