मये, पेडणे आणि घराखालची जमीन

बेळगावहून जांबोटी, कणकुंबीमार्गे चोर्ला घाट उतरला की केरी, साखळी आणि मग डिचोली लागते. आपल्याकडच्या कित्येक घरांच्या सोयरिकी या पट्ट्यात आहेत. शिरगावच्या लईराईच्या जत्रेला जाणारेही कमी नाहीत. मये गावात मात्र आपली माणसे थांबतात ती तळ्यापुरती. होडीत बसायचे, भजी खायची आणि पणजीचा रस्ता धरायचा. माझी चुलत बहीण मयेला दिली आहे. गेल्या उन्हाळी सुट्टीत तिच्याकडे दोन दिवस राहिलो, तेव्हा तळ्यापलीकडचे मये पाहायला मिळाले.

माडा-पोफळींची बागायत, सारवलेले खळे, दारात तुळस. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावे, इथे कुणाला कसली चिंता असणार? पण बहिणीची सासू, आम्ही त्यांना मावशी म्हणतो, त्यांची तक्रार अशी की पावसाळा तोंडावर आला की झोप उडते. छातीत धडधडते, हातपाय गळतात. रक्त तपासले, कार्डिओग्राम काढला, काही निघाले नाही. डॉक्टरांनी टॉनिक दिले. मी विचारले, "मावशी, पावसातच का?" त्या म्हणाल्या, "अरे बाबा, मागची भिंत मातीची. पडली तर परत बांधायला कोणाच्या पाया पडायचे, हे माझ्या सासूलाही ठाऊक नव्हते."

याला इतिहास आहे. पोर्तुगीज काळात मयेची बहुतेक जमीन एका कोंदाच्या, म्हणजे किताबवाल्या जमीनदाराच्या नावावर होती. 1961 साली गोवा मुक्त झाला. कोंदाचे घराणे पोर्तुगालचे झाले आणि 1964 च्या कायद्याने त्यांची मालमत्ता सरकारने नेमलेल्या कस्टोडियनच्या ताब्यात गेली. लोक पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहत होते, कसत होते, पण जमीन त्यांची नव्हती. 'गोवा मुक्त झाला, मये राहिले' असे इथले लोक म्हणत, ते उगाच नव्हे. मालकी लोकांना देण्याचा कायदा 2014 साली झाला, म्हणजे मध्ये पन्नास वर्षे गेली. त्यानंतर टप्प्याटप्प्याने सनदा मिळू लागल्या.

पैशाची चणचण हा एक भाग. पण मावशींच्या घरात दोन मुलगे कमावते आहेत, खायची ददात नाही. दुखणे आहे ते दुसऱ्याच्या मर्जीवर राहण्याचे. लंडनमध्ये 1967 साली सरकारी नोकरांची एक मोठी पाहणी सुरू झाली. मायकेल मार्मट यांच्या अभ्यासामुळे ती पुढे गाजली. त्यात उपाशी कोणीच नव्हते, सगळे पगारदार. तरीही हुद्द्याच्या पायरीनुसार हृदयविकाराने मरणाऱ्यांचे प्रमाण बदलत होते. खालच्या पायरीवर जास्त, वर कमी. नंतरच्या पाहणीत आपल्या कामावर आपला ताबा किती, यालाही महत्त्व असल्याचे दिसले. कामाचे असे, तर घराचे काय होत असेल?

खुद्द गोव्यातही यावर चांगले काम झाले आहे. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथल्या एका जिल्हा रुग्णालयात नाव नोंदवलेल्या गरोदर बायकांची बाळंतपणानंतर विचारपूस केली. 2002 साली छापून आलेल्या त्या अभ्यासात 23 टक्के बायकांना नैराश्य असल्याचे आढळले. पैशाची ओढ, नवऱ्याची मारहाण आणि मुलगी झाल्याचे दुःख, ही कारणे त्यात ठळक होती. गोव्यात कायद्याने नवऱ्याच्या मालमत्तेत बायकोचा निम्मा वाटा असतो, याचे आपल्याकडे फार कौतुक होते. पण नवऱ्याच्याच नावावर काही नसेल तर निम्मे कशाचे?

1996 साली स्थापन झालेल्या 'संगत' या संस्थेने पुढे 'मानस' नावाचा प्रयोग केला. सरकारी आरोग्य केंद्रे आणि खाजगी दवाखाने मिळून 24 ठिकाणी, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी रुग्णांशी बोलायचे, असा तो प्रयोग. अंगदुखी, थकवा, झोप न लागणे अशा तक्रारींआड दडलेले नैराश्य ओळखायचे. सरकारी केंद्रांत त्याचा फायदा दिसला, हे 2010 साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. मावशींच्या टॉनिकपेक्षा हे केव्हाही बरे. आपल्याकडे कुणी जरा गप्प बसू लागला की 'धारवाडला न्या' म्हणतात, गोव्यात बांबोळीचे नाव घेतात. या भीतीनेच कोणी तोंड उघडत नाही. आता 14416 हा 'टेलिमानस'चा मोफत क्रमांक आहे, 2022 पासून. मराठी, कन्नड, दोन्हींत बोलता येते.

डिचोलीत खाणींचा धक्काही आहे. 2012 साली खाणी थांबल्या, पुन्हा चालू झाल्या, 2018 साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने परत बंद पडल्या. ट्रकाचे हप्ते थांबले नाहीत. त्यावर वेगळे लिहावे लागेल.

दुसऱ्या दिवशी अस्नोडा, कोलवाळमार्गे पेडण्यात गेलो. मोरजीची मोरजाई ही मयेच्या महामायेची आणि लईराईची बहीण, अशी सात बहिणींची कथा आहे. गोष्ट जमिनीची काढली तर ही दोन गावेही बहिणीच. पेडण्यात भाटकाराच्या जमिनीत घर बांधून राहणारा तो मुंडकार. त्याला हुसकता येऊ नये आणि घर विकत घेता यावे, म्हणून 1975 साली कायदा झाला. आपल्याकडे त्याच सुमारास, 1974 मध्ये, 'उळुववने होलदोडेय' म्हणत कुळांनी फॉर्म नंबर सात भरले होते. आमच्या आजोबांच्या पिढीत त्या फॉर्मवरून भाऊबंदकी झाली, पण ज्यांना जमीन मिळाली त्यांची मान वर झाली, हेही खरे. पेडण्यात मात्र काही मुंडकारांचे अर्ज मुलांच्या हाती आले आहेत. दरम्यान किनाऱ्याला जमिनीचे भाव कुठल्या कुठे गेले, 2023 च्या जानेवारीत मोपाहून विमाने उडू लागली. शेजारी बंगला उभा राहताना पाहायचा आणि आपल्या घरावर कौले बदलायची तर आधी विचारायचे.

पेडण्यातील एक शिक्षक मित्र सांगत होते. शाळेच्या एका अर्जात 'घर: स्वतःचे / भाड्याचे' असा रकाना होता. नववीतल्या एका मुलीने दोन्हींवर काट मारली आणि बाजूला लिहिले, 'बाबांना विचारून सांगते.' आठवडा झाला तरी तिने काही सांगितले नाही. त्यांनीही पुन्हा विचारले नाही.