दोनापावलाचे खारे वारे

दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरील हवा हलकी होऊन वर चढते आणि तिची जागा भरून काढण्यास समुद्रावरील थंड हवा धावून येते. हे खारे वारे. रात्री हा क्रम उलटतो व जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे वाहू लागतात. भूगोलातील हा पाठ फळ्यावर आकृती काढून मी कित्येक वर्षे मुलांस शिकविला. फळ्यावरचा हाच वारा फळीवर उभ्या राहिलेल्या माणसाशी कसा वागतो, हे मात्र गेल्या माघ महिन्यात गोव्यास दोनापावला येथे पाहावयास मिळाले. तो प्रकार वाचकांच्या घरातील वडील मंडळींस उपयोगी पडेल, असे वाटून येथे देत आहे.

पणजीहून दोनापावला सुमारे सात किलोमीटर. मांडवी व झुआरी या दोन नद्यांच्या मुखांमध्ये जे भूशिर समुद्रात शिरले आहे, त्याच्या टोकास काबो, आणि दक्षिण अंगास दोनापावला. झुआरीच्या विस्तीर्ण मुखापलीकडे मुरगाव बंदर व तेथील जहाजे दिसतात. आम्ही लहानमोठी अकरा माणसे कुलदेवतेचा अभिषेक आटोपून एक दिवस मोकळा राहिला म्हणून तेथे गेलो होतो. सुनांनी दडपे पोहे व नारळाच्या वड्या बरोबर घेतल्या होत्या. आमच्या कुटुंबाने मात्र निघतानाच एक अट घातली होती : गुडघ्यापलीकडे पाण्यात कोणी पाऊल टाकावयाचे नाही.

या अटीस कारण होते. पंचावन्न वर्षांपूर्वी तिचा चौदा वर्षांचा थोरला भाऊ माहेरच्या गावाजवळील खाडीत बुडाला. तेव्हापासून त्या घरातील एकाही मुलास पोहणे शिकविले गेले नाही, आणि आमच्या घरीही ती भीती तिच्याबरोबर आली. थोरल्या सुनेने आपल्या मुलीस पुण्यास तलावावर घातले, ते सासूबाईंची नाराजी पत्करूनच. आता ती पंधरा वर्षांची नात ‘विंडसर्फिंग’ शिकावयाचे म्हणून हटून बसली, तेव्हा चटईवर बसलेल्या साऱ्या मंडळींत एकदम शांतता पसरली.

हे विंडसर्फिंग म्हणजे शिडाच्या फळीवरचे नौकानयन. फळीवर डोलकाठी असते, पण ती घट्ट ठोकलेली नसून चहूबाजूंस कलेल अशा सांध्यावर बसविलेली असते. शिडास दोन्ही अंगांनी वळसा घालणारा आडवा दांडा असतो. तो हाती धरून उभे राहावयाचे. सुकाणू नाही. शीड पुढे कलविले की फळीचे तोंड वाऱ्यापासून दूर वळते, मागे कलविले की वाऱ्याकडे येते. खालचे पाते व मागचा पर तिला आडवी घसरू देत नाहीत. वाऱ्याच्या थेट तोंडावर कोणतेही शीड चालत नाही. म्हणून सुमारे पंचेचाळीस अंशांचा कोन राखून, एकदा डावीकडे व एकदा उजवीकडे अशी नागमोडी वाट काढीत जावे लागते.

या युक्तीचे एकस्व अमेरिकेतील हॉइल श्वाइट्झर व जिम ड्रेक या दोघांनी १९६८ साली मागितले. पुढे इंग्लंडमध्ये त्यावर खटला झाला, तेव्हा पीटर चिल्व्हर्स याने १९५८ साली, अवघ्या बाराव्या वर्षी, हेलिंग बेटाच्या किनाऱ्यावर अशीच फळी चालविली होती ही गोष्ट न्यायालयाने ग्राह्य धरली. ऑलिंपिकमध्ये हा खेळ १९८४ साली पुरुषांसाठी व १९९२ साली स्त्रियांसाठी आला. हांगझोऊ येथे २०२३ साली झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धेत आपल्या इबाद अली यांनी यात कांस्यपदक मिळविले. ही सारी माहिती नातीने आजीस एका दमात सांगितली. आजीने ती ऐकून घेतली व फक्त एवढेच विचारले, “आणि हात सुटला तर?”

उत्तर नातीपाशी नव्हते. ते शिक्षकापाशी होते. तो तिशीतला गोवेकर तरुण वाळूवर ठेवलेल्या फळीपाशी बसून म्हणाला, “आजी, हात सुटला तर चांगलेच. शीड पाण्यात पडते आणि फळी जागच्या जागी थांबते. घाबरून दांडा धरून ठेवला, तरच माणूस ओढला जातो.” मग त्याने नातीस आधी पडावयास शिकविले. पाण्यात पडल्यावर प्रथम फळी धरावी, कारण ती तरंगते. ती सोडून पोहत किनारा गाठू पाहणे हा घातक मोह होय. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असेल तर नवशिक्याने उतरूच नये. मदत हवी असल्यास फळीवर बसून दोन्ही हात बाजूंनी वर-खाली हलवावेत. तरंगण्याचे जाकीट अंगात असल्यावाचून पाऊल उचलावयाचे नाही. हे सर्व आजीने परीक्षकाच्या बारकाईने ऐकले आणि जाकिटाचे बंद स्वतः ओढून पाहिले.

दुपारी बाराच्या सुमारास खारा वारा भरू लागला. नात पडली, पुन्हा फळीवर चढली, दोरीने शीड उचलले, पुन्हा पडली. धाकटा नातू किनाऱ्यावरून मोठ्याने मोजीत होता. सतराव्या वेळेस त्यास आजीने गप्प केले. त्यानंतर शिडात वारा भरला आणि पोर सुमारे पन्नास हात सरळ गेली. कडेला पोचताच ती डगमगली, पण दांडा तिने सोडून दिला. शीड आडवे झाले, फळी थांबली, आणि ती तिच्यावर बसून हसू लागली. त्या क्षणी मी कुटुंबाकडे पाहिले. लुगड्याचा काठ भिजला होता व पाणी गुडघ्याच्या वर आले होते.

रात्री मुक्कामी केस विंचरताना ती सुनेस म्हणाली, “धाकट्यालाही तलावावर घाल हो. फळीचे नाव मात्र इतक्यात नको.”

बौधायनाने समुद्रगमनाची गणना पातकांत केली. शास्त्राचा तो धाक आज उरलेला नाही. पण किनाऱ्यावरील कितीतरी घरांत दुःखातून जन्मलेले असे निषेध अद्याप पाळले जातात. त्यांमागील माया खरी असते. परंतु “जाऊ नकोस” एवढाच उपदेश पाय घसरल्यावर कामास येत नाही. तेथे पोहता येणे, वाऱ्याची दिशा ओळखणे आणि वेळेवर हात सोडणे हेच कामास येते. ज्या घराने पाण्याला माणूस दिला आहे, त्या घराने तर मुलांस पोहणे आधी शिकवावे.